शेवटच्या धृपदाआधीचा श्वास

"तो रेडिओ बंद कर पॉलिन, नाहीतर हे बटाटे तुझ्या डोक्यावर ओतेन," ग्लेनिस म्हणाली. शाळेच्या स्वयंपाकघरात तिच्या हातात उकडलेल्या बटाट्यांचे भले मोठे पातेले होते आणि वाफेने तिचा चष्मा धुरकटला होता.

"नाताळ आलाय गं बाई. आता हे गाणं लागणारच," पॉलिन म्हणाली. "माझे हात पिठात आहेत. तूच कर."

पातेले ओट्यावर ठेवून ग्लेनिस रेडिओपाशी पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. गाणे शेवटच्या धृपदाशी आले. वाद्ये थांबली, आणि त्या शांततेत एक श्वास ऐकू आला. तोंडाने घेतलेला, पोट भरून, जड ओझे उचलण्याआधी माणूस घेतो तसा. मग आवाज वर चढला आणि वरच राहिला. इतका वेळ राहिला की पॉलिनचेही हात पिठात थबकले.

ग्लेनिसने बटण वगैरे शोधले नाही. तिने प्लगच उपटून काढला.

"आज संध्याकाळी काय करणार आहेस?" पॉलिनने जपून विचारले. "टाउन हॉलसमोर दिव्यांचा कार्यक्रम आहे. बटण दाबायला कौन्सिलनं त्या शॅनन टिल्बीला बोलावलंय."

"ठाऊक आहे मला."

"तुला नाही विचारलं त्यांनी?"

"मला कशाला विचारतील? मी हरलेली. हरलेलीनं दिवे लावले तर बल्ब पेटत नाहीत म्हणे," ग्लेनिस म्हणाली आणि बटाटे असे कुस्करू लागली की पॉलिनने पुढचा प्रश्न गिळून टाकला.

ॲक्रिंग्टन गावच्या त्या प्राथमिक शाळेत ग्लेनिस हॉल्डन पंचवीस वर्षे मुलांना जेवण रांधून वाढत होती. सहा वर्षांपूर्वी मात्र एका हिवाळ्यात ती टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत उतरली होती आणि दर शनिवारी अर्धा देश सोफ्यावर बसून तिला पाहत होता. नऊ वर्षांची असल्यापासून ती चॅपलच्या गायकवृंदात गात आली होती, मोठमोठ्या जलशांत एकटीने उभी राहिली होती. पण हे तिथे बोलायचे नव्हते. त्यांना हवी होती कालपर्यंत घरच्यांनाही न कळलेली, बटाटे सोलता सोलता गाणारी बाई. म्हणून त्यांनी तिला शाळेचा ॲप्रन घालून उभे केले, परीक्षकांनी डोळे टिपले, आणि ग्लेनिसने ते सगळे सोसले, कारण शेवटी गायला तर मिळत होते.

त्या स्पर्धेची एक रीत होती. जिंकणाऱ्याचे गाणे त्याच रात्री विकायला निघाले पाहिजे, म्हणजे ते नाताळच्या आठवड्यात गाण्यांच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर बसते. आणि नाताळचा पहिला क्रमांक म्हणजे काय, हे त्या देशात दारूच्या गुत्त्यापासून चर्चच्या पायरीपर्यंत सगळ्यांना कळते. लोक त्यावर पैजा लावतात. मग शनिवारच्या निकालाची वाट कोण पाहणार? म्हणून अंतिम फेरीतल्या तिघांकडूनही आधीच्या आठवड्यात एकच गाणे गाऊन घेत. तीच वाद्ये, तीच खोली, एकामागून एक. तीन नवऱ्या नटवायच्या आणि एकीचेच लग्न लावायचे, असा तो प्रकार. उरलेल्या दोघांचे गाणे कचऱ्यात.

गाणेही नेहमीचेच, डोंगर चढण्याचे आणि स्वप्नांचे. नाव 'अजून थोडं वर'. तिघांतला एक मुलगा होता, तो वेगळ्या पट्टीत गायला. शॅनन टिल्बी आणि ग्लेनिस यांची पट्टी एकच होती. शॅनन एकोणीस वर्षांची, दूरच्या साउथएंड गावची, दिसायला बाहुलीसारखी, आणि त्या आठवड्यात तिचा घसा पार बसलेला. ग्लेनिसने दोन खेपांत गाणे पुरे केले. काचेमागचा ध्वनिमुद्रक खुर्चीतून उठून उभा राहिला होता, एवढे तिला स्पष्ट आठवत होते.

शनिवारी शॅनन जिंकली. सोमवारी सकाळी बाजाराच्या कमानीवरचे ग्लेनिसच्या नावाचे कापड कौन्सिलच्या माणसांनी उतरवले. याचे तिला वाईट वाटले, पण राग आला नाही. स्पर्धा म्हटली की कुणीतरी हरणारच.

राग आला तो बुधवारी. तिचा नवरा कीथ बसच्या डेपोत मेकॅनिक होता. तो दुपारीच घरी आला, ग्रीसने माखलेले हात तसेच घेऊन.

"ग्लेन, ते गाणं लागलं रेडिओवर," तो दारातच म्हणाला. "शेवटचं धृपद ती नाही. तू आहेस."

"काहीतरीच काय."

"अगं, त्या श्वासाशेजारी झोपतोय मी इतकी वर्षं. मला शिकवतेस?"

तिने ऐकले. पुन्हा ऐकले. सुरुवातीची कडवी शॅननची होती, झाकलेली, रंगरंगोटी केलेली. पण शेवटचे धृपद, ज्यासाठी लोक ते गाणे विकत घेत होते, ते पहिल्या श्वासापासून शेवटच्या सुरापर्यंत ग्लेनिसचे होते. पोरीचा घसा चालेना, वेळ उरला नव्हता, कचऱ्यात टाकायचा माल हाताशी होता. कुणीतरी तो उचलला आणि चिकटवला.

तिने गाणे काढणाऱ्या कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी साखरेच्या पाकात बोलत होती. "तिघांचेही आवाज मागच्या कोरसमध्ये घेतो आम्ही, बाई. पद्धतच आहे तशी. तुम्हाला तर अभिमान वाटायला हवा!" तिने गावच्या वर्तमानपत्राला सांगितले. त्यांनी बातमी छापली आणि सोबत ग्लेनिसचा तोंड उघडे असलेला फोटो. मग काय विचारता! खाटकाच्या दुकानात रांगेत उभी राहिली की मागे कुणीतरी जोरात श्वास घ्यायचे आणि बाकीचे खिदळायचे. 'पचवता आलं नाही बिचारीला,' असे गाव म्हणाले. गाणे महिनाभर पहिल्या क्रमांकावर राहिले. त्यानंतर दर नाताळला ते दुकानांत, दवाखान्यांत, पेट्रोलपंपावर वाजू लागले. शाळेतली मुले जेवणाच्या रांगेत ते गात आणि तो श्वासही बरोबर जागच्या जागी घेत. आणि ग्लेनिस त्यांच्या ताटात मटार वाढत उभी.

त्या दिवशी शाळेतून ग्लेनिस घरी आली तेव्हा कीथ बाहेर पडायच्या तयारीनेच बसला होता. डोक्यावर नेहमीची सपाट टोपी. ती टोपी तो जेवतानाही काढायला कुरकुर करी. चॅपल सोडले तर रस्त्याने अंत्ययात्रा चालली असली तरच ती उतरायची.

"जायलाच हवं का?" त्याने विचारले.

"हो."

"काय बोलणार आहेस तिला?"

"जे सहा वर्षं बोलायचंय ते. चोर आहेस म्हणणार. सगळ्यांसमोर सांग म्हणणार, की तो आवाज कुणाचा आहे. मला दुसरं काही नको कीथ. एकदा, फक्त एकदा या गावानं ते ऐकायला हवं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर तिच्या तोंडावर थुंकून येईन."

"मग मी मागेच उभा राहतो," कीथ म्हणाला. "पाऊस नाहीये, पण उगाच अंगावर नको."

ती हसली नाही. त्याचीही तशी अपेक्षा नव्हती.

टाउन हॉलसमोर पाच वाजताच अंधार पडला होता. भाजलेल्या सॉसेजचा वास, खांद्यांवर बसलेली पोरे, आणि मध्यभागी कौन्सिलचे दिवे न लागलेले नाताळचे झाड. मंचावर ठेवलेले ते भलेथोरले लाल बटण ग्लेनिसला चांगले ठाऊक होते. त्याला एकही वायर जोडलेली नसे. पाहुणा बटण दाबतो आणि मागच्या गाडीत बसलेला कौन्सिलचा वायरमन खरा खटका ओढतो. दर वर्षी सगळे गाव पाहुण्यासाठी टाळ्या वाजवते.

मंचामागच्या तंबूवर पहारा असा नव्हता. दारावरचा माणूस ग्लेनिसच्या शाळेत जेवून मोठा झालेला निघाला. "जा की मावशी," तो म्हणाला. "तिला भेटायला दुसरं कुणी आलेलंही नाही."

आत शॅनन टिल्बी एका घडीच्या खुर्चीवर बसून कागदी ताटातल्या चिप्स खात होती. चमचमता पातळ झगा, वर पुरुषी कोट, पायांत लोकरीचे मोजे. बाहुलीपण गेले होते. पंचवीस वर्षांची दमलेली मुलगी उरली होती. तिने वर पाहिले आणि चिप्स बाजूला ठेवल्या.

"तुम्ही येणार हे माहीत होतं मला," ती म्हणाली. "बसा ना, ग्लेनिस."

"बसायला आले नाही मी," ग्लेनिस म्हणाली. तिने घोटून ठेवलेली वाक्ये ऐन वेळी कुठे गेली कोण जाणे. "तुला माहीत आहे. माहीत आहे ना? ते शेवटचं कुणाचं आहे?"

"पहिल्या दिवसापासून." शॅननने बोटे कोटाला पुसली. "आईनं रेडिओ मोठा केला. मावशा नाचत होत्या. मी म्हटलं, थांबा, हे मी नाही. आई म्हणाली, गप्प बस, लोक ऐकतायत."

"आणि तू बसलीस गप्प!"

"एकोणीस वर्षांची होते हो मी."

"मी चव्वेचाळीसची होते! माझं काय? मला परत संधी मिळणार होती? तू पहिल्या क्रमांकावर होतीस, आणि मी तुमच्या त्या साखरतोंड्या पोरीशी फोनवर भांडत होते. या गावात मला खोटारडी म्हणतात. तुझ्यामुळे."

"मला काय म्हणतात ते विचारा की!" शॅनन उठून उभी राहिली. तिचाही आवाज चढला. "कंपनीनं दुसरं गाणं काढलं, ते माझ्या आवाजात. माझ्या. लोक म्हणाले, हिचा आवाज कुठे गेला? अकरा महिन्यांत हाकललं मला. आजही कुठं गेले की तेच गाणं मागतात, आणि शेवट आला की मला टेपवर तोंड हलवायला लागतं. तुमच्या आवाजावर! सुट्टीच्या रिसॉर्टमध्ये, लग्नांमध्ये, सगळीकडे. तुम्ही घरी रेडिओ बंद तरी करू शकता."

ग्लेनिसच्या अंगाची लाहीलाही झाली. तिला या पोरीची कीव यायला लागली होती, आणि तेच तिला नको होते. सहा वर्षे जपलेला राग असा कुणाच्या मोज्यांकडे पाहून विरघळू द्यायचा म्हणजे काय?

"मग सांग," ती म्हणाली. "आज सांग. तिथं वर, माइकवर."

शॅननने कोटाची बटणे लावली.

"सांगते. आणि नुसतं सांगत नाही. माझ्याकडे बिनआवाजाची टेप पण आहे. शेवटच्या धृपदाला तुम्ही वर या आणि तुम्हीच गा. मग कुणाला काही सांगायलाच नको."

"थट्टा करतेयस?"

"मला त्या आवाजातून सुटायचंय, ग्लेनिस," शॅनन म्हणाली. "घेऊन जा तुमचा तो आवाज."

पुढचा पाऊण तास ग्लेनिस मंचाच्या पायऱ्यांपाशी उभी होती. कीथने तिची पर्स धरली.

महापौरांचे भाषण झाले, शाळेच्या मुलांचे गाणे झाले, मग गावच्या रेडिओचा निवेदक लाल टोपी घालून आला आणि त्याने शॅननला बोलावले. गाणे सुरू झाले. शॅनन कडवी स्वतःच गायली, बऱ्यापैकी गायली. गर्दी डुलत होती. मग वाद्ये थांबायच्या आधी शॅननने हात वर केला आणि संगीत थांबवायला लावले.

"मला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली. "या गाण्याचं शेवटचं धृपद रेकॉर्डवर मी गायलेलं नाही. तो आवाज तुमच्या गावच्या ग्लेनिस हॉल्डनचा आहे. पहिल्यापासून तिचाच होता."

ग्लेनिस पायऱ्या चढली. ज्या घटकेसाठी ती सहा वर्षे जळत होती ती हीच होती, आणि तिला वाटले, आता काही बिघडू शकत नाही.

"वाहवा!" निवेदकाने माइक ओढून घेतला. "मंडळी, मन असावं तर असं! स्वतःचं नंबर एकचं गाणं, आणि श्रेय कुणाला, तर उपविजेतीला! याला म्हणतात मोठेपण! शॅननसाठी जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!"

चौक टाळ्यांनी दणाणला. कुणी शिट्टी मारली. "जिंकलंस पोरी!" असे कुणीतरी ओरडले. शॅनन मान हलवत होती, "नाही, खरंच, मी खरं सांगतेय," असे म्हणत होती, पण माइक निवेदकाच्या हातात होता, आणि ती जितकी मान हलवी तितके लोकांना तिचे कौतुक वाटे.

थांबवलेली टेप पुन्हा सुरू झाली होती. मागे फिरायला वेळ नव्हता. वाद्ये थांबली आणि ग्लेनिसने श्वास घेतला.

ती गायली. सूर तिने गाठला, सोडला नाही. पण हवा बोचरी होती, ती पन्नाशीला आली होती, आणि सहा वर्षे तिने रागाने गाणे टाकले होते. चॅपलही सोडले होते. आवाज खाली उतरला होता आणि त्याला मध्येच एक खरखर आली होती. शेवटचा सूर पूर्वी जिथे मुक्काम करी तिथे तो आता नुसता टेकला आणि खाली आला. कुणी चूक म्हटले नसते. ग्लेनिसला मात्र कळले.

टाळ्या पडल्या. शेजारपाजारच्या, ओळखीच्या माणसासाठी पडतात तशा. निवेदकाने उलटी मोजणी सुरू केली, शॅननने लाल बटण दाबले, मागच्या गाडीतल्या वायरमनने जरा उशिराच खटका ओढला, आणि झाड उजळले. लोक हर्षाने ओरडले.

खाली उतरताना एका बाईने बाबागाडी आडवी घालून ग्लेनिसला थांबवले. तिशीतली, चेहरा अगदी मायाळू.

"छान गायलीस हो," ती म्हणाली. "खूप धीर लागतो असं उभं राहायला. आपलं माणूस वर बघून बरं वाटलं."

"थँक्यू."

"म्हणजे रेकॉर्डसारखं नाही झालं," बाई समजावत म्हणाली, "पण ते कुणालाच जमणार नाही ना. तो शेवटचा सूर काय लावलाय पोरीनं त्यात! अंगावर काटा येतो बघ."

ग्लेनिसची तळपायाची आग मस्तकात गेली. तिला ओरडावेसे वाटले, ती बाबागाडी उलटवावीशी वाटली, सगळ्या गावाला गचांडी धरून हलवावेसे वाटले. आणि तेवढ्यातच तिला दिसले की बाई बरोबर बोलते आहे. नाही झाले रेकॉर्डसारखे. आता पुरावा म्हणून दाखवायलाही तो आवाज तिच्याजवळ उरला नव्हता. तो फक्त त्यांच्याकडे होता.

"रेकॉर्डवर चव्वेचाळीसची होते मी," ती म्हणाली.

बाई खळखळून हसली. "मजेशीर आहेस गं तू!" असे म्हणून ती बाबागाडी ढकलत गर्दीत निघून गेली.

कीथने पर्स दिली आणि तिचा हात आपल्या खिशात घेतला. तंबूपाशी शॅनन उभी होती. ती काही बोलणार होती, पण ग्लेनिसने नुसती मान हलवली, आणि दोघी आपापल्या वाटेला लागल्या. आता एकमेकींना शिव्या घालूनही काही पदरात पडणार नव्हते. ज्यांना घालायच्या ते तिथे नव्हते. ते कधीच कुठल्या चौकात थंडीत उभे नसतात.

"चिप्स घेऊ या?" कीथने विचारले.

"नको. बटाटे बघवत नाहीत मला."

चौक रिकामा होऊ लागला तशी कौन्सिलच्या कर्ण्यांवर नाताळची गाणी सुरू झाली. कोपऱ्यावरच्या बँकेपर्यंत ते पोहोचले तेव्हा 'अजून थोडं वर' लागले. खरे, रेकॉर्डवरचे. ग्लेनिस चालतच राहिली. इथे उपटायला प्लग नव्हता.

शेवटचे धृपद आले. वाद्ये थांबली. तो श्वास अख्ख्या चौकभर पसरला आणि आवाज वर चढला, तरुण, भरदार, कशालाही न घाबरणारा.

कीथ जागच्या जागी थांबला होता. ग्लेनिसने मागे वळून पाहिले. त्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली होती आणि तो कर्ण्याकडे पाहत उभा होता. उघड्या टकलावर झाडाच्या दिव्यांचा उजेड पडला होता.

"घाल ती टोपी," ग्लेनिस कडाडली. "मेले नाहीये मी अजून."

कीथने मान डोलावली. पण शेवटचा सूर संपेपर्यंत त्याने टोपी घातली नाही, आणि तीही तोवर पुढे गेली नाही.